गोधडींतला कागद

गेल्या आश्विनांत उमापूरास जाण्याचा योग आला. गेवराईहून शेवगांवच्या वाटेला लागलें कीं दोहों बाजूंस काळी जमीन आणि कापूस दिसूं लागतो. गोदावरीच्या पलीकडील पैठण हें सातवाहनांच्या राजधानीचें व पैठणीचें गांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथें नवें वस्त्र जन्मास येतें. उमापूरास माझ्या बहिणीच्या ओसरीवर जुन्या वस्त्राचा पुनर्जन्म होत असलेला मीं पाहिला. खरें म्हणजे पाहण्यापेक्षां शिकावयासच गेलों होतों. साठी उलटलेल्या मास्तरानें हातीं सुई धरावी याचें वाचकांस हंसूं येईल, म्हणून त्याचें कारण आधीं सांगतों.

माझ्या पत्नीच्या निधनास दोन वर्षें झालीं. तिच्या ट्रंकेंत कापडाच्या तुकड्यांचें एक गांठोडें निघालें. कांहीं तिच्या लुगड्यांचे, कांहीं माझ्या सदऱ्यांचे, सारे षट्कोनी. त्यांतील चाळीसएक तुकड्यांना मागून कागद टांचलेला होता, आणि कागदावरील अक्षर माझें होतें! माझ्या जुन्या टांचणवह्या कापून तिनें ते षट्कोन केले होते. रात्रीं एकाच दिव्याखालीं मी मुलांचे पेपर तपाशीत असें व ती शिवीत असे. काय शिवतेस, हें मात्र मीं एकदांहि विचारलें नव्हतें. ही रीत माझ्या धाकट्या बहिणीनें पुण्यास लेकीकडे असतांना उचलली व आपल्या वहिनीस शिकविली, असें मागाहून कळलें. गांठोडें घेऊन मी उमापूर गांठलें.

"दादा, आधीं कंपास घ्या," बहीण म्हणाली. माझा धीर वाढला. कारण पहिला पाठ भूमितीचा होता. वर्तुळाची त्रिज्या परिघावर सहा वेळां ठेवली कीं समभुज षट्कोन तयार होतो. त्याचा प्रत्येक कोन १२० अंशांचा. म्हणून तीन षट्कोन एका बिंदूपाशीं आले कीं ३६० अंश पुरे होतात व फट राहत नाहीं. समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन या तीनच सुसम आकृत्या एकजातीनें पृष्ठभाग भरून काढतात, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! पण कापडावर तो सिद्धांत खरा करावयाचा म्हणजे प्रत्येक बाजू सारखी हवी; आणि जुनें कापड ताणतें, तिरपें होतें. तें सरळ राहावें म्हणून कागद.

एक इंच बाजूचा कागद कापावयाचा. कापड त्याहून सर्व बाजूंनीं पाव इंच मोठें घ्यावयाचें, तें कागदावर दुमडून कच्च्या दोऱ्यानें टांचावयाचें. मग दोन तुकड्यांच्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून दुमडलेल्या कडा बारीक टाक्यांनीं जोडावयाच्या. सुईनें कापडाचे दोन धागे उचलावे, कागदाला शिवूं नये. तुकड्याच्या साही बाजू जोडल्या गेल्या कीं कच्चा दोरा ओढून कागद काढून घ्यावयाचा. त्याआधीं काढला तर आकार बिघडतो.

विलायतेंत हें काम जुनें आहे. १७१८ हें साल शिवलेलें एक रेशमी पांघरूण तेथें आजहि जपलेलें आहे. अपुऱ्या राहिलेल्या कामांत आंतले कागद तसेच सांपडतात. कोणाचें पत्र, कोणाचा हिशेब. त्यांवरून त्या कामाचा काळ ताडण्यास अभ्यासकांस मदत होते.

माझी ही खटपट शेजारची एक बाई कौतुकानें पाहत असे. ती स्वतः गोधडी शिवीत होती. दिवाळी होतांच ती नवऱ्यासह ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणार. मुकादमाची उचल घेतलेली होती. फडाजवळच्या कोपींत थंडीच्या दिवसांत दोन मुलें त्या गोधडींत निजावयाचीं. तिनें खालीं एक लुगडें अंथरलें, त्यावर जुन्या कापडांचे थर लावले आणि कडेकडेनें धावदोरा घालीत ती मध्याकडे सरकूं लागली. माप नाहीं, साचा नाहीं. "गुर्जी, कापडाला कागूद कशाला लागतोय? बोटाला कळतंय की," ती म्हणाली. माझा तुकडा उलटून पाहून तिनें पुढें सांगितलें, "टाका लई ओढू नका. कापडाला श्वास घेऊ द्या." बहिणीच्या सर्व सूचनांपेक्षां या एका वाक्यानें माझा हात सुधारला.

भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत यतीची जीर्ण कंथा येते. मुलांना तिचा अर्थ 'गोधडी' म्हणून सांगून मी पुढें जात असें. ती कंथा कोणी शिवली असेल, हा प्रश्न मला तेव्हां सुचला नव्हता.

आठव्या दिवशीं पहिला तुकडा साही बाजूंनीं जोडला गेला, आणि माझा हात थांबला. आंतल्या कागदावर गम् धातूचीं रूपें अर्धीं उरलीं होतीं. अक्षर माझें, कातर तिची, कच्चा दोराहि तिचाच. तो ओढला कीं सारें सुटणार. "कागद आंतच राहूं दे," मी म्हणालों. बहीण कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "पहिल्या धुण्यांतच लगदा होईल, दादा. वहिनीनें ही पांघरावयास करावयाला घेतली होती, पेटींत ठेवावयास नव्हे."

निवळीचें बीं उगाळून गढूळ पाण्यांत टाकतात. गाळ खालीं नेऊन तें स्वतःहि तळाशीं बसतें. वेदान्ती हा दृष्टान्त ज्ञानास लावतात, आणि मास्तरकीसहि तो लागू आहे, असें मी निरोपसमारंभांत मोठ्या ऐटीनें बोललों होतों. त्या दिवशीं दोरा ओढतांना त्याचा अर्थ कळला. कागद निघाला; षट्कोन तसाच उभा राहिला.

दिवाळीनंतर शेजारीण आपली गोधडी घेऊन गेली. तिची पुरी झाली होती. माझी अजून व्हावयाची आहे. काढलेले कागद मी एका पाकिटांत ठेवतों. कडेच्या तुकड्यांतले मात्र शेवटची ओळ पुरी होईपर्यंत काढतां येत नाहींत, म्हणून रोज दोन तुकडे जोडतों, अधिक नाहीं. पुढल्या थंडींत नातीनें पांघरली पाहिजे, इतकाच हिशेब ठेवला आहे.