होडीचा चातुर्मास

मे संपत आला की हर्णैच्या किनाऱ्याचा आवाज बदलतो. मासळीच्या लिलावाचा गलका उतरतो आणि हातोड्या, साखळ्या, हाका यांचा चढतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. माशांच्या विणीसाठी ही बंदी आहे हे खरं. पण नैर्ऋत्येचा वारा एकदा सुटला की बाहेर जायची छाती कुणाची होते? बऱ्याच होड्या वाळूवर ओढून शाकारतात. काही मात्र आंजर्ल्याच्या खाडीत, पाण्यातच पावसाळा काढतात. चातुर्मासच हा, दोन महिन्यांत उरकलेला.

मला या पाण्यातल्या होड्यांचं कौतुक जास्त. लाकडाला पाणी मानवतं. सागाच्या फळ्या भिजून फुगतात, एकमेकींना भिडतात आणि सांध्यांत ठासलेला कापूस घट्ट आवळून धरतात. कोरड्यात फार दिवस पडल्या की त्याच फळ्या आकसतात, फटी उघडतात. शिवाय पाणी होडीला सगळीकडून सारखं उचलून धरतं. जमिनीवर तोच भार चार ओंडक्यांवर येतो. आषाढात खाडीचं पाणी गोडं होतं, तेही बरंच. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या किड्याला ते सोसत नाही. फायबरच्या होडीला अर्थात यातलं काहीच लागू नाही.

पाण्यात ठेवायची तर आधी होडी रिकामी करायची. जाळी घराच्या पडवीत जातात, बॅटऱ्या पलंगाखाली. इंजिनात फिरलेलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढतात. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवलेली बरी. अर्धवट टाकीतल्या हवेचा दमटपणा पाणी होऊन डिझेलात उतरतो. मासळीचा खण घासघासून धुतात. वास तरीही जात नाही, आणि गेला तर ती होडी नाखव्याला आपली वाटणार नाही.

खरं कसब दोरात आहे. नांगर पुढूनही आणि मागूनही, म्हणजे भरती-ओहोटीला होडी गरकन फिरून शेजारणीवर आदळत नाही. दोर फार ताणला तर उधाणाच्या भरतीला होडी वर उचलली जाताना तुटतो. फार सोडला तर ओहोटीला होडी भलत्याच चिखलात जाऊन बसते. भांगाच्या दिवसांत बेताचा वाटलेला ढिलेपणा अमावास्येला पुरत नाही. म्हणून तिथी बघून दोर सोडायचा. जिथे तो काठाला घासतो तिथे जुनं गोणपाट गुंडाळतात, कडेला टायर लटकवतात. होडी दोरानेच जगते आणि दोर अशा घासणाऱ्या जागीच मरतो.

मग पाऊस. वीस चौरस मीटर उघड्या होडीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दोन हजार लिटर पाणी, म्हणजे दोन टन वजन. कोकणात असा पाऊस एका रात्रीतही पडतो. ताडपत्री घातली तरी वारा तिचं एखादं टोक सोडवतोच. म्हणून सकाळी चहाच्या आधी कुणीतरी छोट्या होडक्यातून जाऊन पाणी उपसतं. वाळूवर शाकारलेली होडी ऑगस्टपर्यंत विसरता येते. खाडीतली विसरता येत नाही. तिला जपायचं म्हणजे रोज तिच्याकडे जायचं, आणि तिच्या मालकाला घरातली माणसं यावरून टोमणेही मारतात.

होडी खाडीत ठेवणं आजचं नाही. विजयदुर्गापासून जवळ, वाघोटण खाडीवर गिर्ये इथे अठराव्या शतकातली आरमारी गोदी आजही दिसते. तोफा बाळगणाऱ्या गलबतांनाही पावसाळ्यात खाडीचाच आसरा घ्यावा लागे.

जुलैत कोकणात आलात तर खाडीच्या पुलावर जरूर थांबा, हव्या तेवढ्या होड्या बघा. पण फोटोसाठी त्यांच्यावर चढू नका, आणि एखादा दोर उगाच सैल पडलाय असं वाटलं तरी तो ओढून बांधायला जाऊ नका. तो कुणीतरी पौर्णिमेचा हिशोब करून तेवढा सैल सोडलेला असतो.