एक लेन्स, एक दिवस आणि गोल घुमट

आमच्या घरात अब्बांचा एक जुना कृष्णधवल फोटो आहे. शाळेच्या सहलीत विजापूरला काढलेला. अब्बा ऐटीत उभे आहेत आणि मागे गोल घुमट. पण घुमटाचा वरचा भाग फोटोत मावलेलाच नाही. नुसती भिंत. अब्बा हयात असेपर्यंत अम्मींना म्हणायचे, "एकदा तुला घेऊन जातो, पूर्ण घुमट दाखवतो." ते राहून गेलं. यंदा अम्मींचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा ठरवलं की आता पुढे ढकलायचं नाही. सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर.

कॅमेरा माझ्याकडे होता, पण त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स बिघडली होती. नव्या लेन्ससाठी बारा हजार बाजूला काढले होते, तेही मुलीच्या शिकवणीची फी भरून उरलेले. एकच घ्यायची, तर कोणती?

मित्राचा सल्ला होता ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची. स्वस्त, हलकी, कमी उजेडातही छान चालणारी. मी जवळजवळ घेतलीच होती. पण आमच्यासारख्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो. त्यावर ५०ची लेन्स जवळपास ७५-८०सारखी दिसते, म्हणजे चेहऱ्यासाठी उत्तम आणि इमारतीसाठी अडचणीची. मागे सरकत सरकत बागेबाहेर जावं लागेल आणि घुमट पुन्हा कापला जाईल. अब्बांच्या फोटोसारखाच!

शेवटी जुन्या वस्तूंच्या दुकानात १८-१३५ मिळाली, साडेअकरा हजारांना. नवी घ्यायची तर बजेटच्या बाहेर होती. जुनी लेन्स घेताना मोबाईलची बॅटरी लावून काच आरपार पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते, मग कितीही स्वस्त असो, घेऊ नये. झूमची कडी फिरवून अडकत नाही ना ते पाहावं, आपल्याच कॅमेऱ्यावर लावून जवळ-लांब दहाबारा फोटो काढावेत. दुकानदार कुरकुर करतो, करू द्यावी.

विजापूरला पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. समोर नगारखाना, आता तिथं संग्रहालय आहे, आणि त्याच्यामागे मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. १६५६ साली पूर्ण झालेला, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट, चारही कोपऱ्यांना सातमजली मनोरे. १८वर सगळं मावलं. मी खुश. अम्मींना पायऱ्यांजवळ उभं केलं, फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला.

"घुमट दिसतोय बेटा, पण यात मी कुठं आहे?"

खरंच, अम्मी तिळाएवढ्या दिसत होत्या. ही चूक आपण सगळेच करतो, माणसाला इमारतीजवळ पाठवतो. माणूस कॅमेऱ्याजवळ हवा, इमारत मागे. अम्मींना माझ्यापासून आठ-दहा फुटांवर कट्ट्यावर बसवलं, मी स्वतः खाली बसलो आणि पुन्हा १८वरच फोटो घेतला. आता दोघंही पूर्ण.

आत गेल्यावर मात्र मित्राची आठवण झाली. एकही खांब नसलेला तो प्रचंड चौक, एकमेकींना छेदत घुमट पेलणाऱ्या कमानी आणि अंधूक उजेड. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते. लेन्समध्ये हात स्थिर करणारी सोय आहे, त्यामुळे भिंतीला टेकून कमानी नीट आल्या. पण धावणारी मुलं सगळी पुसट. ती सोय आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल नाही. तिथं १.८च हवी होती.

अम्मी खालीच थांबल्या, फातेहा पढत बसल्या. मी मुलीला घेऊन मनोऱ्याच्या अरुंद जिन्यानं शंभर फुटांहून उंच असलेल्या त्या सज्जात गेलो. ती पलीकडच्या बाजूला गेली आणि भिंतीशी कुजबुजली, "अब्बू, भूक लागली." शेजारी उभी असल्यासारखं ऐकू आलं! खाली वाकून १३५वर पाहिलं, तर चौथऱ्यापाशी पांढऱ्या ओढणीतल्या अम्मी, मान वर करून आम्हालाच शोधत होत्या. तो फोटो थोडा दाणेदार आलाय. मला तोच सगळ्यांत आवडतो.

दुपारी इब्राहिम रोजा पाहिला. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद. दोन्ही एका चौकटीत घ्यायला १८ लागतं. आणि खिडक्यांत दगड कोरून केलेली अरबी अक्षरांची जाळी टिपायला शंभरच्या पुढे. लेन्स बदलायची असती तर धुळीत दहा वेळा बदलली असती. जामा मशिदीत जोहरची जमात उभी राहत होती, तिथं लेन्सला झाकण लावलं.

घरी येऊन कट्ट्यावरचा फोटो मोठा करून घेतला आणि अब्बांच्या फोटोशेजारी लावला. अम्मींनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "यांचा थोडा खाली लाव. दोन्ही भिंती एका रेषेत येऊ देत."