वडिलोपार्जित

वडिलांकडून मला वारसाहक्कानं टक्कल तेवढं मिळालं, अशी माझी समजूत होती. २०१७ साली ती बार्नबी जॉइसनी घालवली. हे तेव्हाचे ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान. जन्म ऑस्ट्रेलियातच; पण वडील १९४७ साली न्यूझीलंडहून आलेले, म्हणून हे गृहस्थ नकळत तिकडचेही नागरिक! तिथल्या घटनेच्या ४४व्या कलमाला असला दुहेरी संसार चालत नाही. ऑक्टोबरात कोर्टानं खासदारकी काढली. जॉइसनी आधीच न्यूझीलंड सोडलं होतं (कागदावरचं!), डिसेंबरात पुन्हा निवडून आले.

आमचे वडीलही १९४७ चेच. कराचीहून एक ट्रंक घेऊन आलेले.

"सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज मागे घ्या," हिनं बजावलं.

मी माळ्यावरून ट्रंक काढली. कागद एकच निघाला : कराचीतल्या खोलीची भाडेपावती. डिसेंबरअखेरपर्यंतचं भाडं आगाऊ भरलेलं.