पासपोर्टशिवाय फॉरेन!

'ग्रुपने फॉरेन ट्रिप' हा विषय आमच्यात दर दिवाळीला निघतो आणि लिव्ह सँक्शन झाली नाही की बारगळतो. 2024 मध्ये 26 जानेवारीला जोडून वीकेण्ड आला, तेव्हा आम्ही तिघांनी स्वस्तातला तोडगा काढला. हैदराबाद! हसू नका. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत या शहराचं नाणं वेगळं, पोस्टाचं तिकीट वेगळं, सैन्य वेगळं. मराठवाड्याचा कारभार इथून चाले. आम्हा गोंदियावाल्यांना मात्र हा परमुलूखच.

आम्ही दोघं बिरसीहून उडालो. गोंदियाजवळच्या या गावातली धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. वर्षानुवर्षं आम्ही तिथली ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालताना बघायचो आणि स्वतःला उडायचं असलं की नागपूर गाठायचो. 2022 मध्ये हैदराबादची विमानसेवा सुरू झाली आणि लवकरच थांबलीही. डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोने ती पुन्हा सुरू केली, तेव्हा म्हटलं आता सोडायचं नाही. तिसरा गडी, आमचा परभणीकर, रात्रीच्या रेल्वेने तिथे पोचला.

फॉरेनची हवा पहिल्या पाच मिनिटांत निघाली. ऑटोवाल्याला भाडं विचारलं तर तो 'हौ' म्हणाला. अगदी गोंदियात म्हणतात तस्सं! जास्तीचं सामान मागे ठेवू का विचारल्यावर 'नक्को'. हा 'नक्को' दखनीने आपल्या 'नको'वरूनच उचललाय.

बिर्याणी, मोती आणि रामोजी एवढ्यावर हैदराबाद उरकणाऱ्यांनी गोवळकोंडा तरी वेळ काढून बघाच. फतेह दरवाज्याखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारपर्यंत ऐकू येते. गाईड हे करून दाखवतो, सगळे खूश होतात आणि खालूनच परत फिरतात. पायऱ्या चढा हो! 1677 मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज कुतुबशहाचे पाहुणे म्हणून या राजधानीत आले होते. अबुल हसन कुतुबशहाशी त्यांची भेट झाली, तह झाला, मोहिमेला पैसा मिळाला. हे जुळवण्यात दरबारातल्या मादण्णाचा मोठा हात. मादण्णा आणि त्याचा भाऊ अक्कण्णा यांची नावं किल्ल्यावर अजून ऐकू येतात. दहाच वर्षांनी, 1687 मध्ये, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. वर उभं राहिलं की त्या तहाची निकड नीट कळते.

दुसरा दिवस परभणीकराचा. त्याचे आजोबा उस्मानिया विद्यापीठात शिकले. 1918 साली निघालेलं हे विद्यापीठ, सगळं शिक्षण उर्दूत. आर्ट्स कॉलेजची ती भव्य दगडी इमारत बघून आमचं कॉलेज आठवलं आणि वाईट वाटलं. 1938 मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला आणि त्यांची हकालपट्टी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. म्हणजे 'इकडून तिकडे' शिकायला जायची वाट आपल्याकडेही होती, फक्त उलट दिशेने.

परभणीकराच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आजोबांचं इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट होतं. उर्दूतलं. घरात तीन पिढ्या जपलेलं, पण आजोबा गेल्यापासून कुणालाच वाचता न येणारं. संध्याकाळी चारमिनारपाशी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे चाचा. परभणीकराने बराच वेळ चुळबूळ करून शेवटी कागद पुढे केला. चाचांनी चष्मा पुसला. नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं. साल 1353 फसली. 'पाँचसौ नब्बे मिलाओ,' ते म्हणाले. म्हणजे 1943. मग जरा थांबून, 'दर्जा-ए-सोम.'

थर्ड क्लास! परभणीकराच्या घरी लहानपणापासून प्रत्येक रिझल्टच्या दिवशी आजोबांच्या फर्स्ट क्लासचा दाखला दिला जायचा. तो आधी गप्प झाला, मग इतका हसला की चहा सांडला. चाचांना वाटलं आपलं काही चुकलं. त्याने त्यांना खाली वाकून नमस्कार केला आणि कागदावरून बोट फिरवत आजोबांचं नाव पुन्हा दोनदा वाचून घेतलं, कुठलं अक्षर कुठे ते बघत.

आईला काय सांगणार, असं मी विचारलं. 'फसली साल सांगीन,' तो म्हणाला.