लाल दोऱ्याचा टाका

नाशिक,
गुरुवार, रात्री

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू कराडहून स्वारगेटच्या एसटीत बसतेस, शेजारी एक अनोळखी आजी येऊन टेकतात आणि त्यांच्या मांडीवर आईनं शिवलेली पिशवी असते! “आता तरी याला नुसता योगायोग म्हणू नकोस, आईनंच त्यांना माझ्याकडे पाठवलं,” असं तू लिहिलंयस. तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या भावाला हे बजावून का सांगावंसं वाटलं, ते मला कळतं. म्हणूनच फोन न करता लिहायला बसलो.

आधी पिशवीचं. तू लिहिलंस तशी ती डोळ्यांपुढे उभी राहिली. पुढे खणाचा तुकडा, मागे कुणाच्या तरी जुन्या शर्टाच्या रेघा, आत तिकीट आणि सुट्टे पैसे ठेवायला चोरखिसा, बंदांना दुहेरी शिवण. आणि खालच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका. मशीनवर पिशवी पुरी झाली की आई सुईत लाल दोरा ओवायची आणि तेवढा एक टाका हातानं घालायची. दृष्ट लागू नये म्हणून. पिशवीला कुणाची दृष्ट लागणार, असं मी एकदा विचारलं होतं. “पिशवीला नाही रे, नेणाऱ्याला,” म्हणाली. त्या टाक्यावरून तू ओळखलीस. मीही ओळखली असती.

वर्गात मी दरवर्षी एक खेळ घ्यायचो. खोलीत २३ माणसं असली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मुलांना हे पटायचं नाही, कारण जो तो फक्त स्वतःशी जुळणारा शोधतो. पण २३ जणांत जोड्या होतात २५३. जुळायला एवढ्या जागा असल्यावर कुठेतरी जुळतंच. हाच खेळ एकदा स्टाफरूममध्ये घेतला, तर वयस्कर मंडळींत एकामागून एक १ जूनच निघू लागला. सगळे हसले. गावच्या शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बसावं म्हणून गुरुजी १ जून लिहून टाकायचे. म्हणून तर आपल्याकडे ३१ मे रोजी कचेऱ्यांतून एवढी माणसं एकदम निवृत्त होतात. बाहेरून बघणाऱ्याला ही अद्भुत जुळणी वाटेल. तिच्यामागे एका मास्तरांचा टाक आणि दौत आहे. तेव्हापासून योगायोग दिसला की त्यामागे कुणाचा हात आहे का, ते मी आधी बघतो.

केंब्रिजचे गणिती लिटलवूड, रामानुजनांना तिकडे बोलावणाऱ्या हार्डींचे सहकारी, यांच्या नावानं एक हिशेब सांगतात. माणूस दिवसाचे आठ तास सावध असतो आणि दर सेकंदाला काही ना काही बघतो-ऐकतो असं धरलं, तर ३५ दिवसांत दहा लाख गोष्टी होतात. म्हणजे दहा लाखांत एखादीच घडावी अशी गोष्ट महिन्याकाठी एकदा वाट्याला यायचीच. हिशेब चोख आहे, मी तो आनंदानं शिकवला. पण तुझं पत्र हातात धरल्यावर तो मला पुरेना. त्यातले सगळे सेकंद सारखे आहेत, आणि आपले तसे नसतात.

व्हिएन्नाचे जीवशास्त्रज्ञ पॉल काम्मरर यांनी १९१९ साली योगायोगांवर मोठं पुस्तक काढलं. ते बागेतल्या बाकावर तासन्‌तास बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायचे, कुणाकडे छत्री, कुणाकडे पुडकं. गर्दीची वेळ, हवापाणी यांचा वाटा वजा केला तरी सारख्या गोष्टी घोळक्यानं येतात असं त्यांना वाटलं, आणि यामागे निसर्गाचा एखादा नियम असावा असं त्यांनी मांडलं. तो नियम काही कुणाला सापडला नाही. पण ताई, त्यांनी जे वजा केलं, त्यातच मला सगळं दिसतं.

तुमच्या गाडीचंच बघ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तू दाजींच्या गाडीची वाट बघत बसत नाहीस. त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला, म्हणून त्या आजी शून्याचं तिकीट घेऊन लेकीकडे निघाल्या. दोघी बायका, म्हणून एका बाकावर. गाडी सुटली कराडहून, आणि कराडातच आईनं चाळीस वर्षं मशीन चालवलं. आठवड्याला दोनच पिशव्या धरल्या तरी चार हजारांच्या वर जातात. एक विकली नाही. दळण घेऊन चाललेलीला, भाजीवालीला, दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी बसलेलीला दिली. पहिल्यांदा बघितलेल्या माणसाला दिली.

आणि तुझा डोळा. तेरा दिवस तू आईच्या वस्तू आवरत होतीस. इतर दिवशी अशी पिशवी शेजारून गेली असती तर कदाचित तू खिडकीबाहेर बघत राहिली असतीस. गेलीही असेल, ती कुणाच्या हिशेबात नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो आणि कावळ्याला निर्दोष सोडतो. ते बरोबरच आहे. पण फांदी आतून किती वर्षं पोखरत आली होती, ते कुणी विचारत नाही. आईच्या अस्थी आपण प्रीतिसंगमावर सोडल्या, तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. बघताना वाटतं, केवढा योग! दोघींचा उगम महाबळेश्वरलाच आहे, आणि त्यांना एकत्र आणते ती उतारानं केलेली वाट.

म्हणून तुझं म्हणणं मी खोडत नाही. भेट आईनंच घडवली. वरून बोट धरून आजींना सीटवर बसवलं, असं मला मानता येत नाही, तसं लिहिलं तर तुझ्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. पण ही भेट कधीतरी, कुणाला तरी होणारच, एवढी तजवीज तिनं चाळीस वर्षं पायडल मारून करून ठेवली होती. ऋणानुबंध हा शब्द मी इतकी वर्षं लग्नपत्रिकेतला समजायचो. त्यात ऋण आहे, म्हणजे देणं-घेणं आहे, हे तुझ्या पत्रानं दाखवलं.

एका गोष्टीचं गणित मात्र मला मांडता येत नाही. तू “ही पिशवी कुठली?” असं विचारलंस. न विचारता साताऱ्यापर्यंत रडत बसली असतीस, तरी चाललं असतं. आजींनी सांगितलं, नवरा दवाखान्यात होता, एक्स-रे आणि कागद हातातून निसटत होते, तेव्हा एका बाईनं आपलं सामान काढून ही पिशवी रिकामी करून दिली. नाव विचारायचं राहिलं. पिशवी परत करायची तर रिकामी कशी द्यायची, आणि द्यायची तरी कुणाला, हे त्यांच्या मनात इतकी वर्षं होतं. मग त्यांनी लेकीसाठी नेत असलेल्या भुईमुगाच्या शेंगा पिशवीतून काढून तुझ्या पदरात घातल्या.

त्या शेंगा सगळ्या संपवू नकोस. मी रविवारी येतोय.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा