जडपणाचा भरवसा

जड वस्तू जागची हलत नाही, हा आमच्या मालवाहतुकीच्या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक समज आहे. नागपूरच्या आसपास, वाडीच्या गोदामांत, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर तो मी ऐकत आलो आहे, आणि रामदासपेठेतल्या रुग्णालयांच्या मागच्या बोळांतही. “भाऊ, सहा टनाचं धूड आहे, काहून हालते ते? एक पट्टा टाका अन् चला.” असे म्हणणारा माणूस बेफिकीर नसतो. त्याने जन्मभर ओझी ढकललेली असतात. एखादे यंत्र वीतभर सरकवायला किती माणसे लागतात, हे त्याच्या खांद्यांना पाठ असते. जमिनीवरचा त्याचा अनुभव खरा आहे. पण तोच अनुभव तो ट्रकच्या हौद्यात घेऊन चढतो आणि तिथे तो लागू पडत नाही.

हौद्यातल्या मालाला ट्रकचाच वेग असतो. ब्रेक लागतो तो चाकांना. मालापर्यंत तो ब्रेक कोणीतरी पोचवावा लागतो. तळाशी घर्षण असेल तर ते पोचवेल, पुढे ठोकळा असेल तर तो, नाहीतर साखळी किंवा पट्टा. यांतले काहीच पुरे पडले नाही तर ट्रक थांबतो आणि माल चालत राहतो. उभ्याने प्रवास करणाऱ्याला सिटी बसच्या ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारल्यावर हे कळते, फक्त त्याच्या हाताशी दांडी असते.

वजन दुप्पट झाले की तळाचे घर्षण दुप्पट होते, हे खरे. पण तो माल थांबवायला लागणारा जोरही नेमका दुप्पटच होतो. दोन्ही बाजूंनी वजन सारखेच वाढते आणि हिशेबातून निघून जाते. तळ सारखा असेल तर दहा किलोची पेटी आणि दहा टनांचे यंत्र एकाच ब्रेकला, एकाच क्षणी घसरू लागतात. फरक पडतो तो पुढे केबिनवर काय येऊन आदळते यात. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्यांदा हे समजावतो. बहुतेकांना ते पटायला वेळ लागतो, कारण शरीराला ते खोटे वाटते.

मग किती जोर धरायचा? युरोप आणि अमेरिकेतल्या नियमांत पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट जोर झेलला जाईल, इतकी बांधणी मागतात. सहा टनांचा माल असेल तर पुढे जवळजवळ पाच टन. यातला काही भाग घर्षण उचलते. लोखंडी तळ, त्यावर लाकडी गुटके, अशी मांडणी असेल तर घर्षणाचा गुणांक मी ०.३ धरतो. वजनाच्या ०.३ पट जोर घर्षणाने झेलला, उरला ०.५ पट, म्हणजे तीन टन. हे तीन टन पट्ट्यांनी झेलायचे.

पट्ट्यावर शिवलेल्या पट्टीवर मोठा आकडा असतो. ५० मिलिमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा तुटायला पाच टन लागतात, म्हणून लोक समजतात की पट्टा पाच टनांनी माल दाबून धरतो. हाताने रॅचेट ओढल्यावर त्यात प्रत्यक्षात ताण येतो तो तीनशे-चारशे किलोंचा. मालावरून आडवा टाकलेला पट्टा दोन्ही बाजूंनी खाली ओढतो, म्हणजे फार तर आठशे किलोंचा दाब. त्या दाबातून ०.३ च्या हिशेबाने मिळणारी पकड २४० किलो. आता तीन टनांना २४० ने भागा. तेरा पट्टे लागतात. आणि यात रॅचेटच्या पलीकडच्या बाजूला ताण कमी पोचतो, हे अजून धरलेले नाही. “एक पट्टा टाका अन् चला” यातला एक कुठे आणि तेरा कुठे.

याच मालाखाली जाड रबरी चटई अंथरली तर गुणांक ०.६ पर्यंत जातो. मग पट्ट्यांवर राहतो फक्त १.२ टन, प्रत्येक पट्ट्याची पकड होते दुप्पट, आणि तेराच्या जागी तीन पट्टे पुरतात. वाया गेलेल्या टायरांच्या रबरापासून या चटया बनतात. किंमत थोडी, गुंडाळून केबिनमागे ठेवता येतात. तरी शंभरात किती ट्रकांवर दिसतात, हे महामार्गावर उभे राहून कोणीही मोजावे. माझ्या मते या धंद्यात चटईइतकी स्वस्त आणि चटईइतकी उपेक्षित दुसरी वस्तू नाही.

चटईच्याही आधी झाडू. नागपूरच्या भोवती उमरेडकडे कोळसा, मनसर-कांद्रीकडे मँगनीज. काल कोळसा वाहिलेला ट्रक आज यंत्र न्यायला येतो, आणि तळावर भुकटीचा थर असतो. बारीक भुकटी म्हणजे मालाखाली घातलेले वंगणच. हौदा झाडून घेतल्याशिवाय मी हायड्रा क्रेनला माल उचलू देत नाही. क्रेनचे भाडे तासावर असते, मालक घड्याळ दाखवतो, पण झाडू आधी.

आता रामदासपेठ. माझे घर आणि छोटे कार्यालय इथेच. मध्य भारतातले किती रुग्ण या भागात येतात, हे इथल्या औषधांच्या दुकानांसमोरच्या गाड्यांच्या नंबरांवरून कळते: चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, पलीकडचे छिंदवाडा, बालाघाट. त्यांच्यासाठी लागणारी मोठी यंत्रे रस्त्याने येतात, आणि शेवटचे काही किलोमीटर रात्रीच. वाडीहून अमरावती रोडने रविनगर, लॉ कॉलेज चौक आणि मग पेठेत. दिवसा या रस्त्यांवर लो-बेड ट्रेलर वळवायला जागा नसते. रात्री जागा असते, पण लोंबणाऱ्या केबल आणि कडुलिंबाच्या फांद्या असतात. त्यांची उंची आम्ही आदल्या दिवशी बांबूने मोजून ठेवतो.

एमआरआयचे चुंबक ही मी हलवलेल्या मालांतली सर्वांत नाजूक जड वस्तू. दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबक साधारण पाच-सहा टन भरते. आत वीजवाहक तारेची वेटोळी द्रव हेलियममध्ये बुडालेली असतात, उणे २६९ अंश सेल्सियसला. बाहेरून दिसतो तो एक मोठा पिंप. आतले थंड भांडे मात्र बाहेरच्या कवचाला कुठेही थेट टेकलेले नसते. टेकले तर बाहेरची उष्णता आत शिरेल आणि हेलियम उडून जाईल. म्हणून ते आत बारीक, मजबूत ताणपट्ट्यांवर तोललेले असते. उष्णता कमीत कमी वाहून नेईल असा, काचतंतूंसारखा धागा त्यासाठी वापरतात. म्हणजे आम्ही जो माल बांधतो, त्याच्या पोटात आणखी एक माल आधीच बांधलेला असतो. बाहेरची बांधणी ढिली असेल तर धक्का आतल्या पट्ट्यांना बसतो आणि ते आम्हाला दिसत नाही.

त्यासाठी खोक्यावर धक्क्याची खूण दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोराचा धक्का बसला की त्यांतली नळी लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. माल उतरवताना रुग्णालयाचा अभियंता आधी ती नळी पाहतो, मग आमच्याकडे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचेही असेच. त्यातले तेल काढून आत कोरडा नायट्रोजन भरतात आणि सोबत धक्के नोंदवणारे उपकरण लावतात. कोराडीसारख्या वीजकेंद्राकडे जाणारा असा ट्रान्सफॉर्मर रस्त्याने किती सोसून आला, ते उतरवल्यावर कागदावर दिसते.

चुंबकावरून पट्टा आवळायचा नसतो. कवच दबते. कंपनीने खाली दिलेल्या कड्यांतूनच साखळ्या घ्यायच्या: दोन पुढच्या कोपऱ्यांकडे, दोन मागच्या, तिरक्या आणि शक्य तितक्या निजलेल्या. आठ मिलिमीटरची चांगल्या पोलादाची साखळी चार टनांची ओढ निभावते. पण ती फार उभी लावली की पुढेमागे धरण्याची ताकद झपाट्याने घटते, ती नुसती खाली ओढत राहते. मग चारी बाजूंनी सागवानी किंवा साध्या बाभळीच्या ठोकळ्यांची चौकट खिळ्यांनी तळाला ठोकायची, जागा उरली तर पाचर मारायची. ठोकळा मला साखळीहून अधिक आवडतो. साखळी थोडी ताणली जाते, थोडी ढिली होते, तिला पुन्हा पुन्हा पाहावे लागते. मालाला घट्ट भिडलेला ठोकळा मालाला वेग घेऊच देत नाही.

प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. भिलाई-रायपूरकडून येणारी पोलादाची कॉइल गोल असते, ती घसरत नाही, लोळते. तिचा आस आडवा ठेवला तर ती केबिनकडे लोळेल, उभ्या लांबीत ठेवला तर बाजूला. कुठल्याही दिशेला पाचरी पुरेशा उंच नसतील तर ती त्यांच्यावरून चढते. रुईच्या गाठी १७० किलोंच्या, दाबून बांधलेल्या, तरी पहिल्या काही किलोमीटरांत त्या एकमेकींत बसतात आणि वरचा दोर सैल पडतो. म्हणून गाठींचा ट्रक कोंढाळीच्या आसपास थांबवून दोर पुन्हा ओढायचा. पुढे तळेगावजवळ सत्याग्रही घाटाची वळणे आहेत, आणि तिथे जाऊन दोर पाहण्यात अर्थ नाही. आंबिया बहाराची संत्री तर दाब सहनच करत नाहीत. तिथे घट्ट आवळणे म्हणजे नासाडी. क्रेट एकमेकांना भिडवून, रिकाम्या फटी तणसाने भरून, मालालाच मालाचा आधार द्यावा लागतो. कळमन्यात हे काम करणाऱ्या एका वयस्कर मुकादमाकडून मी ते शिकलो. दोराला फास देऊन, त्यातून टोक परत घेऊन खाली खेचले की दुप्पट-तिप्पट जोर मिळतो, हेही त्यांनीच हातात दोर देऊन शिकवले. त्यांना गणित विचारले असते तर त्यांनी हसून दोर पुढे केला असता, आणि गणित बरोबर आले असते.

उन्हाळ्यात कुटाराने भरलेले ट्रक रस्त्यावर दिसतात. दोन्ही बाजूंनी फुगलेले, मागून येणाऱ्याला रस्ता न दाखवणारे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल काढण्याला वीस हजारांचा दंड आहे, जादा वजनालाही वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हौद्यामागे डोकावणाऱ्या सळयांना २०१४ मध्ये बंदी आली. रात्री दिवा नसलेल्या ट्रकमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या सळया दिसायच्या तेव्हा उशीर झालेला असायचा. वजनावर, लांबी-रुंदीवर आपल्याकडे काटा आहे, टेप आहे, दंड आहे. माल किती जोर झेलेल असा बांधला आहे, हे मात्र नाक्यावर कोणी विचारत नाही. ताडपत्री टाकली की आतले सगळे झाकले जाते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट पुढची आहे. माल भरताना ड्रायव्हर तिथे असतोच असे नाही. रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, तो केबिनमध्ये झोपतो किंवा जेवायला जातो. माल हमाल भरतात, त्यांचे काम वाराईचे पैसे मिळाले की संपते. माल पाठवणाऱ्याचे काम गेटपास निघाला की संपते. ट्रान्सपोर्टवाल्याचे बिल्टी फाटली की. मग ड्रायव्हर उठतो, ताडपत्रीचे दोर आवळतो आणि निघतो. कोणी कसा बांधला हे न पाहिलेला माल पाठीशी घेऊन तो आठशे-हजार किलोमीटर जातो. समृद्धी महामार्गावर गाड्या न थांबता धावतात, म्हणून तिथे लागणारा अचानक ब्रेकही मोठ्या वेगातला असतो. त्या ब्रेकच्या वेळी ड्रायव्हर आणि माल यांच्यात केबिनमागचा पत्रा तेवढा उरतो.

बिल्टीवर नग, वजन, भाडे, मालाचे नाव, सगळ्यांना रकाने असतात. बांधणीला रकाना नाही. म्हणून आमच्या कामांत मी एक वेगळा कागद जोडतो. त्यावर तळ झाडला का, चटई कोणती, साखळ्या किती व कुठल्या कड्यात, ठोकळे कुठे, पहिला थांबा कुठे घ्यायचा, एवढेच असते. खाली भरणाऱ्याची सही आणि ड्रायव्हरची. ड्रायव्हरने ताडपत्री टाकण्याआधी हौद्यात चढून सगळे स्वतः पाहायचे, साखळी हाताने हलवून पाहायची, आणि पटले नाही तर सही करायची नाही. सही नाही तर गाडी हलत नाही, आणि थांबल्या वेळेचे पैसे त्याच्या भाड्यातून कापायचे नाहीत. ही शेवटची अट मालकांकडून मान्य करून घेणे सर्वांत कठीण गेले. काहींनी काम दुसऱ्याला दिले. जे टिकले, त्यांच्या फाटकावर आता गाडी लागली की ड्रायव्हर स्वतःच विचारतो, “चटई टाकली का साहेब? दाखवा बरं.” आणि तो वर चढतो तेव्हा हायड्रावाल्याने थांबायचे असते, मीटर चालू असले तरी.