आईच्या गोळीचं माहेर

इंग्लंडच्या केंट परगण्यात स्टाऊर नदीकाठी सँडविच नावाचं जुनं, चिमुकलं गाव आहे. आईच्या रक्तदाबाच्या गोळीचं माहेर तिथलं, हे मला फार उशिरा कळलं.

गोळी म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. इवलीशी, पांढरी. सकाळी चहाच्या आधी आई पट्टीवर अंगठा दाबते, चांदी फाटल्याचा बारीक आवाज होतो आणि गोळी तळहातावर येते. पट्टी कात्रीने कापायची झाली तरी एक्स्पायरीची तारीख शेवटच्या गोळीपर्यंत शाबूत राहिली पाहिजे, हा तिचा दंडक. औषधवाला पट्टी देतो, पैसे घेतो. ही शोधली कुणी, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही.

शोधली ती फायझर या औषधकंपनीच्या सँडविचमधल्या प्रयोगशाळेने. बुरशीच्या संसर्गावरचं फ्लुकोनाझोल तिथलंच. १९९८ साली गाजलेली व्हायग्राही तिथलीच. मुळात तिच्यावर काम चाललं होतं ते हृदयविकारासाठी.

१ फेब्रुवारी २०११ रोजी कंपनीने हे केंद्र बंद करायचं जाहीर केलं. २,४०० माणसं. कंपनीच्या कोलेस्टेरॉलवरच्या लिपिटॉर या गोळीचं अमेरिकेतलं पेटंट त्याच नोव्हेंबरात संपणार होतं, म्हणजे कमाई घटणार होती. पण ही तारीख काय अचानक उगवली? ती तर वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक होती. २०१२ च्या संशोधनखर्चाचा अंदाज ८ ते ८.५ अब्ज डॉलरवरून ६.५ ते ७ अब्जांवर आला. त्याच दमात ५ अब्ज डॉलरचे स्वतःचेच शेअर विकत घ्यायचंही ठरलं. शेअरचा भाव त्या दिवशी वधारला.

मी रेंगाळते ती त्या प्रयोगशाळेतल्या टेबलांपाशी. एक औषध दुकानात पोचायला दहा-बारा वर्षं सहज जातात आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. कित्येक रसायनशास्त्रज्ञ एकही औषध नावावर न लागता निवृत्त होतात. तरी त्यांचं काम वाया जात नाही, कारण अमुक वाटेने जाऊ नकोस, तिथे यकृत बिघडतं, हे शेजारच्या टेबलावरच्या पोराला तेच सांगतात. यातलं बरंचसं कुठल्याच अहवालात येत नाही. ते चहाच्या वेळी, जाता-येता सांगितलं जातं. माणसं पांगली की ते शहाणपण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वाचलेल्या खर्चातून हा तोटा कुणी वजा केला असेल, असं मला वाटत नाही.

त्या आवारात आता डिस्कव्हरी पार्क आहे, लहान-मोठ्या नव्या कंपन्या आहेत. फायझरचीही काही माणसं तिथे उरली होती. त्यांच्यातल्या सुमारे ५०० जणांच्या नोकऱ्यांवर गदा येणार असल्याचं कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. कारण पुन्हा खर्चकपातच.